पोकलेनचा दम कमी झालाय? पंप उघडण्याआधी काय काय तपासायचं

"मशीनला दम राहिला नाही." पोकलेनच्या बाबतीत ही तक्रार इतकी सरसकट केली जाते, की तिच्यातून काहीच कळत नाही. बकेट मुरमात घुसत नाही, बूम (मशीनला जोडलेला मोठा हात) सावकाश उठतो, चढावर चेन अडते, दुपारनंतर सगळंच मंदावतं: या चारही गोष्टींना साईटवर एकच वाक्य वापरतात, आणि चारहींची कारणं वेगळी असतात. मग कोणीतरी सांगतं, पंप गेला. पंप उतरतो, दुरुस्तीला जातो, ऐन हंगामात मशीन उभं राहतं. पंप परत बसवल्यावर मशीन होतं तसंच चालतं, कारण चोक झाला होता डिझेल फिल्टर.

नवे ऑपरेटर, मिस्त्रीच्या हाताखाली शिकणारी मुलं आणि पहिलंच जुनं मशीन घेतलेले मालक यांच्यासाठी हे लिहितोय. उदाहरणं २० टनी वर्गातली आहेत, कारण शेततळी, विहिरी, तलावातला गाळ, रस्त्याची कामं यांवर आपल्याकडे तीच मशीनं जास्त असतात. आकडे त्या वर्गाचे सर्वसाधारण आहेत. तुमच्या मॉडेलचा नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो आणि तोच खरा मानायचा.

आधी एक हिशेब

हा हिशेब समजला की पुढचं निम्मं काम सोपं होतं. २० टनी मशीनला दोन मुख्य पंप असतात आणि दोघं मिळून मिनिटाला साधारण ४०० लिटर ऑईल देऊ शकतात. मुख्य दाब साधारण ३५० बार (बार हे दाबाचं माप). ४०० गुणिले ३५० भागिले ६०० केलं की येतात सुमारे २३३ किलोवॅट, म्हणजे ३०० हॉर्सपॉवरच्या वर. इंजिन मात्र असतं १४०-१५० हॉर्सपॉवरचं. थोडक्यात, पूर्ण दाब आणि पूर्ण फ्लो एकाच वेळी मागितला तर इंजिन जागेवर बंद पडेल.

तसं होऊ नये म्हणून पंपावर रेग्युलेटर असतो. दाब वाढला की तो फ्लो कमी करतो. नव्या मशीनवर त्याला कंट्रोलरची जोड असते: इंजिनाचे आरपीएम पडायला लागले की कंट्रोलर पंपाला आणखी आवरतो. म्हणून पोकलेनमध्ये इंजिनाचा अशक्तपणा पुष्कळदा हायड्रॉलिकचा दोष म्हणून समोर येतो. इंजिन धापा टाकत नाही, धूर सोडत नाही, फक्त बूम हळू उठतो. पंपाची नाहक बदनामी होते ती इथेच.

ऑपरेटरला नीट विचारा

पाना हातात घ्यायच्या आधी ऑपरेटरशी बोला. अचानक झालं की हळूहळू? सकाळपासून की तापल्यावर? सगळ्या हालचाली मंद की एखादीच? दोष सुरू होण्याच्या आसपास काय बदललं: फिल्टर, ऑईल, होज, बॅटरी? ब्रेकर (बकेटच्या जागी लावायचा खडक फोडायचा हातोडा) लावला होता का? डिझेल पेट्रोल पंपावरचं की बॅरलमधलं?

शेवटच्या दोन प्रश्नांवर मी नेहमी अडून बसतो. ब्रेकरच्या कामात हायड्रॉलिक ऑईल फार लवकर घाण होतं, त्यामुळे फिल्टर आणि ऑईल बदलायचे तास बकेटच्या कामापेक्षा पुष्कळच कमी धरावे लागतात. शिवाय ब्रेकर काढल्यावर मॉनिटरवरचा मोड ब्रेकरवरच राहिला तर पुष्कळ मशीनवर फ्लो कमीच मिळतो. हा दोषच नव्हे, एक बटण आहे. इकॉनॉमी मोडचं आणि ऑटो आयडलचंही (लिव्हर मोकळे असताना आरपीएम आपोआप उतरवणारी सोय) तेच.

बॅरलचं दुखणं पावसाळ्यातलं. उघड्यावर उभ्या ठेवलेल्या बॅरलच्या तोंडाशी पाणी साचतं, रात्री बॅरल गार झाला की आतली हवा आकसते आणि बुचाच्या आट्यांतून ते पाणी आत ओढलं जातं. बॅरल आडवा ठेवा, दोन्ही बुचं एका आडव्या रेषेत आणि डिझेलच्या पातळीखाली राहतील असा.

हात लावण्याआधी

मशीन सपाट जागेवर, बकेट जमिनीवर, लॉक लिव्हर (हालचालींचे लिव्हर बंद करणारा केबिनमधला दांडा) लावलेला. लाईन खोलायची असेल तर इंजिन बंद करा. मग चावी ऑनवर ठेवून, लॉक काढून दोन्ही लिव्हर चारही दिशांना फिरवा, म्हणजे आत अडकलेला दाब उतरतो. नंतर हायड्रॉलिक टाकीच्या ब्रीदरमधून (हवा आत-बाहेर जायचं तोंड) टाकीचा दाब सोडा. एवढं झाल्याशिवाय एकही नट सैल करायचा नाही.

बारीक गळती हाताने शोधू नका, हातमोजा असला तरी नाही. पुठ्ठ्याचा तुकडा धरून शोधा. ३५० बारची सुईसारखी धार कातडीखाली ऑईल घुसवते. बाहेरून टाचणी टोचल्याएवढी खूण दिसते, दुखतही नाही फारसं, पण आत मांस सडायला लागतं. असं झालं तर घरी थांबू नका, दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका, थेट शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जा आणि दाबाखालचं हायड्रॉलिक ऑईल आत गेलंय हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. बोट वाचणं त्या काही तासांवर असतं.

कॉमन रेल इंजिन (सगळ्या इंजेक्टरना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल देणारं) असेल तर चालू इंजिनावर डिझेलची हाय प्रेशर लाईन सैल करून "कुठला सिलिंडर मिस होतोय" हे बघायची जुनी सवय सोडा. तिथला दाब हायड्रॉलिकपेक्षाही कितीतरी जास्त असतो.

डोळ्यांनी आणि नाकाने

हायड्रॉलिक टाकीची काच बघा. पातळी कुठल्या स्थितीत बघायची ते टाकीजवळच्या स्टिकरवर दाखवलेलं असतं, कारण सिलिंडर बाहेर असतील तर ऑईल सिलिंडरमध्ये आणि आत असतील तर टाकीत असतं. भलत्या स्थितीत पातळी पाहून वरून ऑईल ओतणारे पुष्कळ आहेत. ऑईल दुधाळ दिसलं तर पाणी मिसळलंय. फेस दिसला तर सक्शनला हवा धरतेय. काळपट आणि जळका वास असेल तर ते पूर्वी कधीतरी जास्त तापलंय.

एअर फिल्टरचा इंडिकेटर लाल आहे का, पंख्याचा बेल्ट ढिला आहे का, रेडिएटर आणि ऑईल कूलरच्या जाळीत काय अडकलंय, डायल पूर्ण फिरवल्यावर थ्रॉटल खरोखर शेवटपर्यंत जातो का, हे बघा. केबल ताणली गेली किंवा थ्रॉटल मोटर सरकली तर हाय आयडलच (लोड नसतानाचे पूर्ण थ्रॉटलचे आरपीएम) कमी मिळतो, आणि आरपीएम कमी म्हणजे पंपाचा फ्लो कमी. मॉनिटरवर एरर कोड असेल तर पुसण्याआधी लिहून ठेवा, फोटो काढलात तर उत्तम.

इंजिन की हायड्रॉलिक?

सगळ्यात महत्त्वाची पायरी ही. इथे घाई करू नका.

मशीन चालवून ऑईल ५० अंशांच्या आसपास आणा. पॉवर मोड, ऑटो आयडल बंद, थ्रॉटल पूर्ण. लोड नसताना आरपीएम किती ते लिहा. ते मॅन्युअलपेक्षा कमी असतील तर आधी तेच दुरुस्त करायचं. मग बूम पूर्ण वर आणि आर्म (बूम आणि बकेट यांच्यामधला हात) पूर्ण आत घेऊन दोन्ही लिव्हर चार-पाच सेकंद तसेच धरा आणि आरपीएम किती पडतात ते बघा. जास्त वेळ धरू नका, ऑईल उगाच तापतं. काही मशीन रिलीफला (ठरलेल्या दाबाला उघडून जादा ऑईल टाकीत सोडणारा व्हॉल्व्ह) पोचल्यावर फ्लो आपोआप कापतात, त्यामुळे या चाचणीत इंजिनावर पूर्ण भार येतच नाही. म्हणून दुसरी चाचणी कठीण जमिनीत खोदताना घ्या: आर्म आणि बकेट ओढत असताना एकाने लिव्हर धरायचे, दुसऱ्याने मॉनिटर बघायचा.

शंभर-दोनशे आरपीएमची घसरण बहुतेक मशीनवर नेहमीची असते. त्याहून खूप खाली जात असेल, काळा धूर येत असेल, इंजिन बंद पडू पाहत असेल, तर एकतर इंजिन अशक्त आहे किंवा पंप त्याच्यावर गरजेपेक्षा जास्त भार टाकतोय. आरपीएम जागेवर आणि हालचाल मंद असेल, तर संशय हायड्रॉलिकवर. पण कंट्रोलर असलेल्या मशीनवर हा निष्कर्ष अजून पक्का नाही, कारण कंट्रोलरने पंप आवरला असेल तरी असंच दिसतं.

तो गुंता सोडवायला बऱ्याच मशीनवर पंपाचा इमर्जन्सी स्विच दिलेला असतो. तो टाकला की कंट्रोलर बाजूला होतो आणि पंपाच्या सोलेनॉइडला (विजेवर चालणारा छोटा व्हॉल्व्ह) ठरावीक करंट मिळतो. आता पुन्हा खोदा. इंजिन गुदमरायला लागलं तर दुखणं इंजिनात आहे. मशीन एकदम सुधारलं तर सेन्सर, वायरिंग, कनेक्टर, कंट्रोलर यांच्याकडे जा. बॅटरीची अर्थिंगची वायर आणि पंपाच्या सोलेनॉइडचा कनेक्टर आधी साफ करा. पावसाळाभर उभ्या राहिलेल्या मशीनमध्ये उंदीर वायरिंग कुरतडतात, सीटमागचं आणि पंपाजवळचं हार्नेस (वायरींचा जुडगा) हाताने चाचपून बघा. काहीच फरक पडला नाही, तरच हायड्रॉलिकच्या भागांकडे वळायचं.

इंजिनाकडे संशय गेला तर

धूर पहिली दिशा दाखवतो. काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी: एअर फिल्टर, टर्बो, टर्बोनंतरच्या होजची ढिली क्लॅम्प किंवा फुटलेला होज. लोडवर शिट्टीसारखा आवाज येत असेल तर होजच्या जोडांवर काळ्या तेलकट खुणा शोधा. निळा धूर म्हणजे इंजिन ऑईल जळतंय. पांढरा म्हणजे डिझेल न जळताच बाहेर पडतंय, किंवा पाणी. आणि धूरच नाही, आवाज स्वच्छ आहे, पण लोड घेत नाही, तर डिझेल पुरेसं पोचत नाहीये. हा शेवटचा प्रकार सगळ्यात जास्त आढळतो आणि सगळ्यात स्वस्तात सुटतो.

वॉटर सेपरेटरचा कॉक उघडून काचेच्या बाटलीत डिझेल घ्या आणि दहा मिनिटं ठेवा. तळाशी पाणी दिसलं की उत्तर मिळालं. मग फिल्टर बदला. नवा फिल्टर कॉमन रेल इंजिनावर वरून डिझेल ओतून भरू नका, गाळ सरळ पुढे जातो. बसवा आणि हात पंप मारून एअर काढा.

एक दोष जरा जवळून सांगतो, कारण तो भल्याभल्यांना चकवतो. मशीन सुरू केल्यावर अर्धा-पाऊण तास उत्तम चालतं, मग हळूहळू दम सोडतं, कधी बंदच पडतं. दहा मिनिटं थांबून सुरू केलं की पुन्हा झकास. फिल्टर नवे, इंजेक्टर तपासलेले, तरी तेच. अशा वेळी डिझेल टाकीची निकासी उघडून बघा. टाकीत पडलेलं प्लास्टिक, पिशवीचा तुकडा, पुसायच्या फडक्याची चिंधी, कॅनचं आतलं सील, असं काहीतरी डिझेलबरोबर वाहत निकासीच्या तोंडाशी येतं आणि सक्शनमुळे तिथेच चिकटतं. इंजिन बंद झालं की सक्शन सुटतं आणि तुकडा पुन्हा तरंगायला लागतो. टाकी रिकामी करून टॉर्च मारून बघितल्याशिवाय तो सापडत नाही. याचाच भाऊ म्हणजे टाकीच्या झाकणाचा ब्रीदर बंद होणं: दम गेला असताना झाकण उघडा, हवा आत ओढल्याचा आवाज आला आणि इंजिन लगेच सुधारलं तर झाकण साफ करा. झालं काम. आतून सोललेला जुना रबरी डिझेल होजही असाच वागतो, बाहेरून धडधाकट दिसतो.

टॅपेट क्लिअरन्स, इंजेक्टर, फ्युएल पंप, कॉम्प्रेशन हे यानंतर, आणि ते इंजिनवाल्या मिस्त्रीचं काम.

हायड्रॉलिक: ताकद वेगळी, वेग वेगळा

प्रेशर ताकद देतं, फ्लो वेग देतो. हालचाल चपळ आहे पण बकेट खडकाला लागताच थांबते, तर प्रेशर कमी. भरलेली बकेट उचलते पण सावकाश, तर फ्लो कमी. रिलीफ व्हॉल्व्ह वेग वाढवत नाही. मंद चाललेल्या मशीनचा रिलीफ आवळणं हा आपल्याकडचा सर्वात महागडा प्रयोग आहे. काही मशीनवर स्क्रूच्या एका पूर्ण फेऱ्याला शंभर बारच्या वर फरक पडतो, आणि त्यात होज फुटतो, सिलिंडरचं सील जातं, नाहीतर बूमला चीर पडते. गेज लावल्याशिवाय रिलीफला पाना लावायचा नाही, हे मी हाताखालच्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी सांगतो.

आता मोबाईलचं स्टॉपवॉच काढा. बूम जमिनीपासून पूर्ण वर जायला किती सेकंद, आर्म आत-बाहेर, बकेट बंद-उघड, स्विंगचे (मशीनचा वरचा भाग गोल फिरणं) पाच फेरे, हे सगळं लिहा. २० टनी मशीनचा रिकामा बूम साधारण ३ ते ४ सेकंदांत वर जातो. हे आकडे मशीन ठणठणीत असतानाच घेऊन केबिनमध्ये चिकटवून ठेवलेत तर पुढे कुठल्याही मॅन्युअलपेक्षा जास्त उपयोगी पडतात.

चेनची चाचणी विसरू नका. बूमने एक बाजू उचलून धरा, स्प्रॉकेटवर खडूने खूण करा आणि पूर्ण वेगात तीन फेऱ्यांना किती वेळ लागतो ते मोजा. मग दुसरी बाजू. चेनजवळ कोणी उभं राहू नये. दोन्ही चेन सहसा वेगवेगळ्या पंपांवर असल्यामुळे ही तुलना फार बोलकी असते.

एकच हालचाल, एक बाजू की सगळं?

एकच हालचाल मंद असेल तर पंपाचा विचारच सोडा. त्याच पंपावर बाकीच्या हालचाली नीट चालल्यात ना? मग दोष त्या हालचालीच्या पायलट लाईनमध्ये (लिव्हरकडून येणारी छोट्या दाबाची लाईन), स्पूलमध्ये (कंट्रोल व्हॉल्व्हमधला सरकणारा दांडा), पोर्ट रिलीफमध्ये (त्या एकाच हालचालीचा रिलीफ) किंवा सिलिंडरमध्ये आहे. सारखे पोर्ट रिलीफ दोन हालचालींवर असतील तर अदलाबदल करून बघा. दोष जागा बदलतो का ते कळतं. बकेट किंवा आर्मच्या सिलिंडरचं सील बघायचं तर रॉड पूर्ण बाहेर काढा, इंजिन बंद करून दाब सोडा, रॉडकडचा होज खोलून होजच्या तोंडाला प्लग मारा, मग त्याच दिशेला हळूच दाब द्या. सिलिंडरच्या उघड्या तोंडातून ऑईल वाहत राहिलं तर सील गेलंय. समोर कोणी उभं राहू नये.

एका पंपावरच्या सगळ्या हालचाली मंद असतील, उदाहरणार्थ मशीन चालताना एका बाजूला ओढतं आणि त्याच गटातली बकेट किंवा स्विंगही मंद आहे, तर पंप किंवा त्याचा रेग्युलेटर. खात्रीसाठी दोन्ही पंपांचे डिलिव्हरी होज कंट्रोल व्हॉल्व्हकडे आपसांत बदलतात. दोष दुसऱ्या गटात गेला तर पंपाकडे, नाही गेला तर व्हॉल्व्हकडे किंवा पुढे. उघडी तोंडं लगेच झाका. फडक्याने नव्हे, कॅपने. चालण्यातच अडचण असेल आणि बाकी सगळं ठीक असेल, तर सेंटर जॉईंट (फिरणाऱ्या वरच्या भागातून खाली चेनकडे ऑईल नेणारा जोड) आणि ट्रॅव्हल मोटर (चेन फिरवणारी मोटर) बघा.

सगळंच मंद असेल तर पहिला संशय पायलट प्रेशरवर. पायलट म्हणजे लिव्हरचा निरोप स्पूलपर्यंत नेणारा छोटा दाब. तो कमी झाला की स्पूल अर्धवटच उघडतात आणि मोठे पंप ठणठणीत असूनही मशीन मरगळतं. पायलट फिल्टर आकाराने छोटा आणि अडचणीच्या जागी असतो, म्हणून सर्व्हिसमध्ये सर्रास राहून जातो. दुसरा संशय टाकीतल्या सक्शन जाळीवर. पंप किरकिरतोय, आवाज करतोय आणि ऑईलला फेस आहे, तर जाळी चोक किंवा सक्शन होज ढिला.

गेज लावताना

दोन गेज हवेत: पायलटसाठी ६० बारपर्यंतचं आणि मुख्य दाबासाठी ६०० बारपर्यंतचं. छोटं गेज चुकून मुख्य पोर्टवर लावलं तर ते तोंडावर फुटतं. आधी पायलट बघा, ३५ ते ४० बार मिळायला हवा. तो कमी असताना मुख्य दाब मोजून काही निष्कर्ष निघत नाही. मग मुख्य दाब, दोन्ही पंपांचा वेगवेगळा, ऑईल गरम असताना. दोन्हीकडे सारखाच कमी आला तर मुख्य रिलीफ. एकीकडेच कमी आला तर त्या पंपाची बाजू. दाब पूर्ण येतो पण वेळ जास्त लागतो, तर फ्लोचा प्रश्न, आणि मग रेग्युलेटर, त्याचा सोलेनॉइड, शेवटी पंपाची झीज.

गार असताना ठीक, तापल्यावर ढिला

एप्रिल-मे महिन्यात विदर्भ-मराठवाड्यात हीच तक्रार सर्वात जास्त. ऑईल तापलं की पातळ होतं आणि झिजलेल्या जागांमधून आतल्या आत निसटतं. पण झिजेवर शिक्का मारण्याआधी कूलर साफ करा. रेडिएटर आणि ऑईल कूलरच्या मध्ये धूळ, गवत, कापसाचे तंतू यांचा नमदा बसतो. बाहेरून जाळी स्वच्छ दिसते, मधे टॉर्च मारला की कळतं. हवेने किंवा कमी दाबाच्या पाण्याने पंख्याच्या उलट दिशेने साफ करा, जवळून प्रेशर वॉशर मारला तर पत्र्या वाकतात. ऑईलचा ग्रेड मॅन्युअलप्रमाणे आहे ना तेही बघा.

कूलर साफ, ऑईल योग्य, तरी दुपारी दम जातोच, तर रिटर्न फिल्टर काढून कापा. कागदी घड्या पांढऱ्या कापडावर उलगडा आणि उन्हात धरा. बारीक राखाडी लेप नेहमीचाच. चुंबकाला चिकटणारे कण लोखंडी भागांचे. चुंबकाला न चिकटणाऱ्या सोनेरी, पितळी चकत्या दिसल्या तर पंप किंवा मोटर आतून खाल्ली जातेय. काळे रबरी तुकडे सीलचे. यानंतर पंपाच्या केस ड्रेनचा (पंपात आतून निसटलेलं ऑईल टाकीत परत नेणारी लाईन) होज काढून मापाच्या भांड्यात मिनिटाला किती ऑईल येतं ते मोजतात आणि दोन पंपांची आपसांत आणि मॅन्युअलच्या मर्यादेशी तुलना करतात. ही चाचणी मात्र अनुभवी मिस्त्री बरोबर असतानाच.

पंप उतरवायचाच ठरला तर

पंप आतून फुटला असेल तर त्याचा चुरा टाकीत, कूलरमध्ये आणि लाईनमध्ये पसरलेला असतो. नुसता पंप बदलला तर तोच चुरा नवा पंप खातो. टाकी पूर्ण रिकामी करून आतून पुसा, सक्शन जाळी आणि सगळे फिल्टर बदला, कूलर आणि होज धुऊन घ्या, नवं ऑईल गाळून भरा. पंप बसवल्यावर इंजिन सुरू करण्याआधी पंपाच्या केसमध्ये वरच्या प्लगमधून ऑईल भरा, कोरडा पंप काही सेकंदांत घासला जातो. एअर काढा, दहा मिनिटं लो आयडलवर ठेवा, मग प्रत्येक सिलिंडर शेवटाला न टेकवता हळूहळू चार-पाच वेळा आत-बाहेर करा. पहिल्या ५० तासांनी रिटर्न फिल्टर पुन्हा कापून बघा, आणि स्टॉपवॉचचे नवे आकडे केबिनमध्ये लावा.